राजपालच्या एकोणीस ओळी

चूक सापडून बारा दिवस झाले होते आणि श्रावस्तीनं ती अजून कुणालाच सांगितली नव्हती.

मुळात ती धरायलाच दोन महिने गेले होते. संगणकाच्या पोटात सगळ्यात खाली कर्नल चालतो, त्याच्या आधाराशिवाय वरचं काहीच हलत नाही. चूक त्या कर्नलमधली. दवाखान्यात थेंबाथेंबानं औषध सोडणारा एक पंप महिनोन् महिने नीट चालायचा आणि एखाद्या क्षणी गप्प व्हायचा. पंप बनवणाऱ्यांनी कळवलं होतं, तीनदा असं झालं, तिन्ही वेळा नर्स जवळ होती म्हणून निभावलं. श्रावस्ती पुण्यातल्या कंपनीचं काम बेंबळीतल्या पत्र्याच्या घरात बसून करायची. ही तक्रार तिनं आपणहून अंगावर घेतली. तोच प्रसंग मशीनवर चाळीस-चाळीस हजार वेळा घडवायचा. मध्येच लाईट जायची, की पुन्हा पहिल्यापासून. आत काय चाललंय ते लिहून ठेव, असं कर्नलला सांगितलं तर त्या लिहिण्याला लागणाऱ्या एवढ्याशा उशिरानंच चूक नाहीशी व्हायची. हाक मारली की लपायची, पाठ फिरवली की यायची.

शेवटी सापडली ती एकोणीस ओळींच्या एका तुकड्यात. कुठली ओळ कुणी लिहिली हे तिथं झाकून राहत नाही, एक हुकूम दिला की प्रत्येक ओळीपुढं नाव येतं. श्रावस्तीनं हुकूम दिला. एकोणीसच्या एकोणीस ओळींपुढं एकच नाव आलं, राजपाल. तिचा थोरला भाऊ.

राजपाल दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला, एकोणतिसाव्या वर्षी. हे काम तिला त्यानंच शिकवलं होतं. जगातली हजारो माणसं मिळून तो कर्नल लिहितात; त्यात राजपालच्या नावावर एवढ्याच ओळी. तो गेला तेव्हा आई, बनाबाई, रडत नव्हती, बोलत नव्हती, अन्नाला शिवत नव्हती. तिसऱ्या दिवशी श्रावस्ती बोलून गेली, "आई, दादानं लिहिलेलं जगभरच्या मशिनींत चालू हाय. आत्ता ह्या घटकेलाबी." तेव्हा बनाबाईनं मान वर केली. मग अर्धी भाकरी खाल्ली.

तेव्हापासून ती हे सगळ्यांना सांगायची. बाजारात, रेशनच्या रांगेत, येरमाळ्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. तांदूळ निवडता निवडता तिनं त्याची ओवीही जुळवली होती:

लेक माझा राजपाल, सांगू कुणाला किती बाई,
मशिनीच्या पोटी त्याचं, अक्षर निजत न्हाई.

आणि आता दुरुस्ती तयार होती. तिच्यात एकोणीसपैकी अकरा ओळी जात होत्या.

तेवढंच असतं तर श्रावस्तीनं डोळे मिटून पाठवून दिली असती. पण दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहायची रीत आहे. तिला 'फिक्सेस' म्हणतात. कुठल्या जुन्या बदलात चूक शिरली, त्याची बारा अक्षरांची खूण आणि त्या बदलाचं शीर्षक तिथं लिहायचं. ती ओळ नसली तरी नव्या कर्नलमध्ये दुरुस्ती जाते. पण जुने कर्नल सांभाळणारी माणसं त्या ओळीवरूनच ठरवतात, की ही दुरुस्ती मागं कुठवर न्यायची. आणि ते पंप सगळे जुन्या कर्नलवरचे होते. म्हणजे भावाच्या कामावर 'इथं चूक आहे' अशी चिठ्ठी डकवल्याशिवाय दुरुस्ती त्या पंपांपर्यंत पोचणार नव्हती. राजपालच्या त्या बदलाचं शीर्षक होतं, 'विनाकारण कुलूप लावणं टाळलं'. एकाचं काम चालू असताना दुसऱ्यानं मध्ये हात घालू नये म्हणून कर्नलमध्ये असं कुलूप लावतात. रोज ती तिथवर यायची, खूण लिहायची, पुसायची.

बाराव्या दिवशी दुपारी दारात बांगड्या वाजल्या. बनाबाई आणि कमलबाई, दोघी शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, त्या भांडतच घरात शिरल्या.

"श्रावस्ती, ऐक गं," कमलबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुझ्या आईनं आज साठ लेकरांच्या खिचडीत समुद्र वतला!"

"एकलीनं? आन् तू काय साखर घातलीस व्हय?"

"म्या तर चव घिऊन घातलं."

"म्याबी चव घिऊनच घातलं की!"

"हेडसर इचारत्यात, मीठ कुणी घातलं? तर आमी दोघीबी एकदम, म्या!" कमलबाईला हसू आवरेना. "सरानं कपाळालाच हात लावला."

श्रावस्तीनं लॅपटॉपवरून नजर काढली. "थांबा. नीट सांग आई. आधी काय झालं?"

"आधी म्या चव बघितली. आळणी. मग हिनं बघितली. आळणीच. म्या मिठाचा डबा आणला, मीठ घातलं, डबा जागंवर ठिवला आन् ताटल्या धुवाया गेले. मागनं हिनं डबा घेतला आन् पुन्ना घातलं. चव घेतल्याली तवाची, मीठ घातल्यालं आत्ताचं. मदी काय झालं ते हिला कुठं ठावं?"

"मग आता?"

"आता काय! उद्यापासनं आधी डबा हातात धरायचा, मगच चव घ्यायची. जिच्या हातात डबा न्हाय तिनं पळीला शिवायचं न्हाय."

श्रावस्तीनं पडद्यावरची दुरुस्ती पुन्हा पाहिली. दोन महिने खपून तिनं जे लिहिलं होतं ते एवढंच होतं. राजपालनं आधी चव घेतली होती आणि मग डबा धरला होता. वेळ वाचावा म्हणून. बहुतेक वेळा वाचतही होता.

कमलबाई पाणी पिऊन गेली. बनाबाई पदरानं तोंड पुसत होती.

"आई, दादाच्या ओळींत चूक हाय."

"कंच्या ओळीत?"

"त्याच. मशिनींत चालत्यात त्या. तुमच्या खिचडीसारखंच झालंय. दोन कामं एकदम आली की पंप थांबतो."

"कसला पंप?"

"दवाखान्यातला. औषधाचा."

बनाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "माणसाला लावत्यात त्यो?"

"व्हय."

"मेलं का कोण?"

"न्हाय. कळलंय तेवढ्यात तरी न्हाय."

"तुला कवा घावली चूक?"

"बारा दिवस झाले."

बनाबाई तिच्याकडं बघत राहिली. आवाज चढला नाही तिचा, उलट खाली गेला. "पयल्या लेकरानं घास थुकला तशी आमी खिचडीची परात उचलली. दुसऱ्याच्या तोंडात जाऊ दिली न्हाय. आन् तू बारा दिस झाकून बसलीस? कुणापायी? माझ्यापायी?"

श्रावस्तीनं लॅपटॉप मांडीवर ओढला. बनाबाई बोलतच होती.

"त्याला सलाईन लावल्यालं तवा त्या थेंबाकडं बघत बसल्याले म्या. तीन दिस. डोळ्याला डोळा न्हाय. थेंब जरा अडला की नर्सला हाक. तिकडंबी कुणाची तरी आय बसली आसंल की."

"त्याच्या कामावर चूक म्हणून लिहावं लागंल, आई. ते कायमचं राहतं. कुणीबी कवाबी बघंल."

"लिव."

"आणि अकरा ओळी जातील."

श्रावस्तीनं वाट पाहिली. बाहेर कुणाच्या तरी शेळ्या ओरडत गेल्या. मग तिनं बारा अक्षरं लिहिली, शीर्षक लिहिलं, खाली आपलं नाव लिहिलं आणि दुरुस्ती पाठवून दिली. एवढ्याशा कामाला एक मिनिटही लागलं नाही.

"गेली?"

"गेली. आता कर्नल सांभाळणारी माणसं तपासतील. घेतील बहुतेक."

बनाबाई बराच वेळ हाताच्या रेघा चोळत बसली. एकदा ओठ हलले, ओवीच असावी, पण पहिल्या शब्दावरच थांबले.

"किती राहिल्या मग?"

"आठ."

"वाच."

"इंग्रजी हाय गं. आणि नुसत्या खुणा. तुला न्हाय कळायचं."

"न्हाय कळलं तर न्हाय. वाच तू."

श्रावस्ती वाचू लागली. सावकाश, एकेक खूण उच्चारत. इतकं असेल तर, कंस सुरू. हे शून्य कर. ते परत दे. बनाबाई प्रत्येक ओळीला एकेक बोट मिटत होती. सात बोटं मिटली.

"आठवी?"

"आठवीत काही न्हाय, आई. नुसता कंस."

"त्यो त्यानंच लिवलाय न्हवं?"

"व्हय."

"मग वाच की."

"कंस बंद," श्रावस्ती म्हणाली.

बनाबाईनं आठवं बोट मिटलं. दोन्ही हात तसेच मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकून बसून राहिली, आणि श्रावस्तीनं लॅपटॉप मिटला नाही.