दोन्ही फौजा आडव्या

“लझीस!”

कवायत घेणाऱ्या येफिम कुझ्मिचचा हा आवाज चौदा वर्षांपूर्वी पांक्रात्सी झ्यूबेकच्या कानात शिरला, तो अजून बाहेर पडला नव्हता. आडवे व्हा, एवढाच त्या रशियन शब्दाचा अर्थ. पण कुझ्मिच तो बेंबीच्या देठापासून काढायचा, शेवटाला ओढ द्यायचा, आणि झारच्या पलटणीतले दोनशे गडी असतील तिथं पडायचे. चिखल असो की शेण. एकदा जत्रेत तो पिऊन ओरडला, तर रजेवरचे अकरा शिपाई नाचता नाचता आडवे झाले. पोरी उभ्याच राहिल्या.

आता झार उरला नव्हता. एकोणीसशे वीसच्या ऑगस्टात पांक्रात्सी पोलिश फौजेत हवालदार होता, आणि व्क्रा नदीच्या पलीकडून क्रांतीची लाल फौज येत होती. पोलिश फौज म्हणजे तीन सम्राटांच्या उतरलेल्या कपड्यांची गोधडी. कुणी झारची चाकरी केलेली, कुणी जर्मन कैसरची, कुणी ऑस्ट्रियाची. बंदुका तीन तऱ्हेच्या, काडतुसं चौथ्याच तऱ्हेची. भरतीच्या टेबलाशी कारकून विचारायचा, आधी कुठं होतास? पांक्रात्सीच्या पुढच्या दोघांनी झारकडे म्हणून सांगितलं, तर त्यांना गाड्या हाकायला धाडलं. झारची माणसं पलीकडे जाऊन मिळतील असा सगळ्यांना वहीम. पांक्रात्सीने ऑस्ट्रिया सांगितलं. झारकडची अकरा वर्षं एका शब्दाखाली गाडली गेली आणि त्याला चाळीस गड्यांची तुकडी मिळाली. निम्मे त्यात कालपरवा नांगर सोडून आलेले.

लेफ्टनंट टारनावा मात्र खरोखरच ऑस्ट्रियाचे. त्यांनी एकदा मायेने व्हिएन्नाची आठवण काढली. तिथं गर्दी फार, एवढंच पांक्रात्सी म्हणाला, आणि लेफ्टनंटना ते पटलं.

खरं माहीत होतं फक्त म्हाताऱ्या ओनुफ्रीला. तो स्वतः झारकडचा, तसं उघड सांगणारा. मशीनगन दुरुस्त करता येते म्हणून तुकडीत ठेवलेला. बुटात घालायचं फडकं पांक्रात्सी पायाला कसं गुंडाळतो ते त्याने पाहिलं होतं.

“हवालदारसाहेब,” तो हळूच म्हणाला होता, “तुमचे पाय ऑस्ट्रियात गेलेले दिसत नाहीत.”

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. बदल्यात तंबाखूही मागितली नाही.

लढाई भर दुपारी बटाट्याच्या शेतात जुंपली. पोलिश भाषेतले हुकूम नवे होते, वॉर्सात पुस्तक छापून पाठवलेले. प्रत्येक गडी ते मनातल्या मनात आपल्या जुन्या मालकाच्या भाषेत फिरवून घ्यायचा, त्यात एक श्वास जायचा. लालांची मशीनगन घोडागाडीवर होती. ती गाडी बांधाशी वळू लागली. पांक्रात्सीने पुस्तकातला हुकूम दिला. पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. तेव्हा त्याच्या बेंबीतून कुझ्मिच उठला.

“लझीस!”

तुकडी आडवी झाली. पांक्रात्सीसारखंच खोटं सांगून आलेले सवयीने, बाकीचे त्यांच्याकडे बघून. आणि दोनशे पावलांवर लाल फौजही आडवी झाली, कारण तीही झारच्याच हाताखाली घडलेली. मशीनगनवाला गाडीतच पालथा पडला. घोडे विचारात पडले. त्या शेतात काही वेळ बटाट्याच्या रोपांपेक्षा उंच माणूस एकच होता, लेफ्टनंट टारनावा. त्यांना रशियन येत नव्हतं.

हुकूम कुणी दिला याची पलीकडे चौकशी होईपर्यंत तुकडी सरपटत मागच्या चरात पोचली आणि तिची मशीनगन सुरू झाली. दोघांना खरचटलं. संध्याकाळी लाल मागे सरले.

पण लढाईत शत्रूच्या भाषेत ओरडणं म्हणजे शत्रूला इशारा, असं लेफ्टनंटचं मत पडलं. आवाज उजवीकडून आला होता. उजवीकडे उघड झारकडचा असा एकटा ओनुफ्री होता. त्याला विचारलं तर म्हणाला, कान म्हातारे झालेत साहेब. त्याला धान्याच्या कोठारात कोंडलं. उद्या सकाळी तीन अधिकारी, एक टेबल आणि जेवणाआधी भिंत.

पांक्रात्सी त्याला भाकरी द्यायला गेला. ओनुफ्री गवतावर पाय पसरून बसला होता.

“बोलत का नाहीस, बाबा?”

“काय बोलू? माझ्यापेक्षा बरं ओरडता तुम्ही, याचंच वाईट वाटतं.”

“गोळी घालतील.”

“घालू देत. मी गेलो तर एक खोकणारा कमी. तुम्ही गेलात तर ती पोरं पुस्तकात बघून मरतील.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “कुझ्मिचकडेच शिकलात ना? मीही. मला कधी जमलं नाही ते शेवटचं ओढणं.”

पांक्रात्सी अंगणात आला. आभाळ अजून लाल होतं, करकोचे घरट्याकडे निघाले होते. विहिरीशी पोरं तोंड धूत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. त्याने ती एकदा मोजली. चाळीसातला एकच कमी होता, कोठारातला.

लेफ्टनंट ओसरीवर आंबट दुधाबरोबर उकडलेले बटाटे खात होते. आरोपपत्र ताटाशेजारीच होतं, ओनुफ्रीचं नाव घातलेलं. सही तेवढी राहिली होती. पांक्रात्सीने टाचा जुळवल्या.

“काय आहे, हवालदार?”

“तो ओरडला नाही, साहेब. मी ओरडलो. अकरा वर्षं झारच्या पलटणीत होतो, भरतीला खोटं सांगितलं.” मग त्याने उरलेलंही सांगून टाकलं. “आणखी एकदा ओरडणार होतो. तुम्ही उभेच होतात, म्हणून.”