करंगळीची जागा

चाळीस वर्षं मी सलून चालवतोय. हत्यार कसं धरायचं हे मला कुणी शिकवावं, असं काही उरलेलं नाही, असं मी समजत होतो. माझ्या लेकीने तो तोरा दोन मिनिटांत उतरवला.

ती एका कंपनीत वस्तूंचे आकार ठरवते. तेव्हा तिच्याकडे घरच्या घरी चेहऱ्यावर क्रीम चोळायचं, मुठीत मावणारं यंत्र होतं. मूठ दुखते म्हणून साहेबांनी सहा नमुने नापास केले होते. सोमवारी सातवा दाखवायचा होता. तोही गेला तर काम दुसऱ्याच्या हाती.

रविवारी ती फोमचा नमुना घेऊन सलूनमध्ये आली. मी तिला खुर्चीत बसवलं, तिच्या गालावरून तो फिरवला आणि निकाल दिला, "दांडा सरळ कर, वजन पुढे घे. झालं."

"बाबा, आता स्वतःच्या गालावर फिरवा."

फिरवला. मनगट असं मुरडलं की कोपराने दोन बाटल्या पाडल्या.

पलीकडच्या खुर्चीमागून माझा भागीदार हसला. "अगं, त्याची दाढी रोज मी करतो आणि माझी तो. स्वतःच्या तोंडाशी त्याची ओळखच नाही."

खोटं नव्हतं. दुकान उघडल्या दिवसापासून आमचा हाच शिरस्ता. मला राग आला तो माझाच. पण हार मानेन तर मी कसला?

"हाताला साबण लाव आणि मग धर," मी म्हणालो.

तिने लावला. नमुना सुळकन खाली पडला. सहाही नमुने तिच्या ऑफिसात सगळ्यांनी कोरड्या हातांनी धरून पाहिले होते. घरी क्रीमचा हात कोरडा कसा असेल? निसटू नये म्हणून माणूस आवळतो आणि मूठ दुखते.

मग मी तिला वस्तरा दाखवला. तो आवळायचा नसतो. पात्यामागे जी वाकडी शेपटी असते, तिच्यावर करंगळी टेकते, बाकीची बोटं मोकळी. ती बघत राहिली. मग तिने माझी करंगळी मोजली, भागीदाराची मोजली, दाढीला आलेल्या दोघांचीही मोजली. करंगळीला टेकू मिळावा म्हणून दांडा किती वाकवायचा ते मात्र तिने तिच्या अकलेने ठरवलं.

सोमवारी संध्याकाळी ती दारातच म्हणाली, "आधी साहेबांच्या हाताला क्रीम चोपडलं, मग नमुना दिला."

"मग?"

"परतच देईनात."

माझी छाती फुगली, ती अजून उतरलेली नाही.

मंगळवारी सकाळी भागीदाराने ब्रश फेसात बुडवला. मी त्याच्या हातातून तो काढून घेतला. "आज माझी मीच करतो. लेकीने शिकवलंय."

हनुवटीला दोन जागी कापलं. गिऱ्हाइकांनी विचारावं म्हणून पट्टी जरा मोठीच लावली.