मारिबेथची चौकट

अमेरिकेतल्या डुलुथच्या वाचनालयाची वेबसाइट वेन्डेलने बारा वर्षं पीएचपी या संगणकभाषेत हाताने लिहून सांभाळली होती. पुस्तकं देणाऱ्या मारिबेथने त्याच भाषेतली, वेबसाइट बांधायची लॅराव्हेल नावाची तयार चौकट शिकून आठवड्यात सभासद-नोंदणी उभी केली, तेव्हा त्याच्या पोटात दुखू लागलं. "आयत्या पिठावर रेघोट्या कोणीही मारील," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

दुपारी मात्र त्याने गुपचूप तीच चौकट आपल्या संगणकावर घेतली. पहिलंच पान उघडेना. मागून मारिबेथ म्हणाली, "अरे, पानाचा पत्ता रूटच्या, म्हणजे पत्त्यांच्या फाइलीत लिहिलाच नाहीस तू."

त्याने तो लिहिला आणि पान उघडलं. त्याचा जळफळाट आणखीच वाढला.

"इतकं सोपं?"

"सोपं कसलं! मी दोन दिवस रडले त्यापायी."

वेन्डेलने शेजारची खुर्ची ओढली. "बस. पुढचं दाखव."