गुलाबी, पाच पट्ट्यांची

थोरलीने धाकटीला गोगलगाय दिली ती मुळात चांगल्या मनाने दिलीच नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला तिची फार दया यायची.

गोगलगायी बाबांच्या. बाबांनी चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या. कोणाच्या दाताचा पांढरा कुठल्या पिवळ्याकडे झुकतो, हे त्यांना खिडकीपाशी एकदा बघून कळायचं. हात थांबले तरी डोळे थांबेनात, म्हणून त्यांनी हा नाद लावून घेतला. ओल्या भिंतींवर, बागांच्या कडेला रंगीत गोगलगायी सापडतात. कोणाचा शंख पिवळा, कोणाचा गुलाबी, कोणाचा तपकिरी. काही कोऱ्या, तर काहींवर एकापासून पाचापर्यंत काळे पट्टे, जसे काही कोणी बारीक कुंचल्याने फिरवत नेलेत. बाबा त्या आणायचे, पाळायचे, त्यांची पिल्लं वाढवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात खिडकीखाली पाच काचेच्या पेट्या होत्या. तळाशी ओली माती, त्यावर शेवाळ, कोपऱ्यात अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि रोज काकडीच्या चकत्या.

बाबांना हवी होती ती एकच. गुलाबी शंखाची, पाच पट्ट्यांची, पाचही पट्टे एकमेकांपासून सुटे. बारा वर्षांत ती झाली नव्हती. गुलाबी निघायची तर कोरी निघायची, नाहीतर पट्टे एकमेकांत मिसळून शाई सांडल्यासारखे दिसायचे. बाबा म्हणायचे, "होईल. त्यांना घाई नसते, आपण कशाला करायची."

रविवारी सकाळी पेट्यांवर पाणी फवारलं की सगळ्या जाग्या होऊन काचेवर चढायच्या. बाबा डोळ्याला भिंग लावून एकेकीचे पट्टे वाचायचे आणि थोरली वहीत लिहून घ्यायची. हा दीड तास थोरलीचा होता. आठवड्याचे बाकीचे तास बाबा रक्तदाबाचे, गुडघ्याचे आणि पेपरातल्या कोड्याचे. त्यांची पथ्यं सांभाळायची तिने, डॉक्टरकडे न्यायचं तिने, आणि मधल्या वेळात बाहेरच्या खोलीत बसून लोकांचे कपडे उसवून मापात करून द्यायचे तेही तिनेच. लग्न तिचं झालं नव्हतं आणि त्याबद्दल आता कोणी विचारतही नव्हतं. तिची तक्रार नव्हती. दीड तास होता ना.

धाकटी दोन बसथांबे पलीकडे राहायची. औषधांच्या दुकानात नोकरी, नवरा कायम फिरतीवर, घर मोठं आणि रिकामं. ती यायची ती हसत, खांद्यावरची पिशवी खुर्चीवर टाकत. बाबांच्या कपाळावर टिचकी मारून विचारायची, "काय म्हातारबुवा, गोळी घेतली का?" आणि बाबाही हसायचे. थोरलीने हाच प्रश्न विचारला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

तर एकदा धाकटी म्हणाली, "ताई, मलाही दे ना एखादी. घरात कोणीतरी हलणारं हवं."

थोरलीने पेटीत हात घालून एक कोरी पिवळी निवडली. ना पट्टा, ना तेज. बटणाच्या डब्यात उरलेलं जुनं बटण असावं तशी. दिली तीही एकटीच. गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही, पण पिल्लांसाठी दोघी लागतातच, हे तिला ठाऊक होतं. एकटी दिली की धाकटीकडे एकच राहणार. एक म्हणजे संग्रह नव्हे.

"जोडी नाही देत?" धाकटीने विचारलं.

"आधी एक तर जगवून दाखव," थोरली म्हणाली.

चूक झाली ती इथे. ती पिवळी दोन महिने बाबांच्या गुलाबी कोरीबरोबर एका पेटीत होती, आणि गोगलगाय जोडीदार सुटल्यावरही कितीतरी महिने त्याची ठेव पोटात बाळगून असते. बाबांनी हे थोरलीला दहादा सांगितलं होतं. मनात दुसरंच काही उकळत असलं की माणसाला ऐन वेळी पाठ असलेलं आठवत नाही.

पाच आठवड्यांनी धाकटीचा फोन आला, मातीत साबुदाण्यासारखं काहीतरी आहे म्हणून. बाबा पोट धरून हसले. "अगं, ती गरोदर होऊनच आली तुझ्याकडे." पिल्लं झाली तीस-बत्तीस. वर्ष गेलं, शंख वाढले, आणि एक दिवस धाकटीने फोनवर फोटो पाठवला. गुलाबी. त्यावर पाच पट्टे, पाचही सुटे.

बाबा गुडघा विसरून उठले. त्याच संध्याकाळी रिक्षाने धाकटीकडे गेले, सोबत अर्थात थोरली. धाकटीने पेटी म्हणून भाजीचा प्लास्टिकचा डबा वापरला होता, झाकणाला भोकंही वाकडीतिकडी. काकडीऐवजी गाजर, कारण तिला काकडी आवडत नाही. बाबांनी भिंग लावलं, पाचही पट्टे एकेक करून वाचले. मग म्हणाले, "हात चांगला आहे गं तुझा."

थोरलीने ते ऐकलं. बारा वर्षं पेट्या कोणी घासल्या? टरफलं उन्हात वाळवून कोणी कुटली? आणि हात चांगला कोणाचा, तर जिने भाजीच्या डब्यात गाजर टाकलं तिचा. शिवाय पिवळी कोणाची होती? तिला ते सगळं तिथल्या तिथे ओरडून सांगायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, चला, आठची गोळी आहे."

पुढच्या महिन्यात धाकटीने विषय काढला. तिच्याकडे खोली रिकामी आहे, इमारतीला लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्याला तीन जिने कशाला. आता बाबांनी तिच्याकडे राहावं. ताईलाही जरा मोकळीक. बाबांनी थोरलीकडे पाहिलं.

"तुझं काय म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं? जा की. मला काय."

बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते एक पेटी न्यायची म्हणून पुसताना दिसले. धाकटीने खोलीला रंग दिला, पलंग आणला, खिडकीखाली फळी ठोकून घेतली. ही एकेक बातमी बाबा जेवताना सांगायचे आणि थोरली "हं" म्हणायची. एका बाईचा ब्लाउज तिने दोन इंच जास्त आत घेतला. असं तिच्या हातून पंचवीस वर्षांत झालं नव्हतं.

बाबांना तिकडे काय ओढतंय, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. ती गुलाबी. ती इथे असती तर बाबा कशाला हलले असते?

शनिवारी धाकटी कामासाठी एका रात्रीपुरती बाहेरगावी गेली. जाताना चावी देऊन गेली, डब्यात पाणी फवारायला. थोरली भर दुपारी गेली. नवी खोली तिने उघडून पाहिली, पलंगावर बसूनही पाहिलं. पलंग चांगला होता, हे तिला आणखीच लागलं. मग तिने गुलाबीला उचललं, ओल्या कापसात घालून शिवणयंत्राच्या बॉबिनच्या डबीत ठेवलं, आणि घरी येऊन बाबा झोपलेले असताना तिसऱ्या पेटीत शेवाळाखाली सोडून दिलं. सांगायचं काय, तेही तयार होतं. पिल्लं मातीत दडून बसतात, कधीकधी वर्षभर दिसत नाहीत. ही आपलीच. बाबांच्या त्या गुलाबी कोरीची, इथेच जन्मलेली. धाकटीची हरवली? भोकं वाकडीतिकडी पाडल्यावर हरवणारच.

रविवारी सकाळी बाबांनी पाणी फवारलं. पाच-दहा मिनिटांत ती काचेवर आली.

"अगं," बाबा म्हणाले, "अगं, हे बघ."

थोरलीने वहीतून डोकं वर काढलं आणि तोंडावर जमेल तेवढं आश्चर्य आणलं. "अय्या. ही कुठून आली?"

"आपल्याकडे झाली," बाबा म्हणाले. "बारा वर्षांनी. आपल्याकडे." त्यांनी थोरलीचा हात धरला. असा त्यांनी तो कधी धरला होता, तिला आठवेना. ती सुखावली, अगदी आतपर्यंत सुखावली. खोटं बोलून मिळालं म्हणून त्याची चव काही कमी लागली नाही.

मग बाबांनी भिंग लावलं. शंख पाहिला, शंखाची कड पाहिली. मग नजर खाली गेली, काकडीच्या चकतीवर. चकतीच्या कडेला एक बारीक वळसा पडला होता, दोऱ्याच्या तुकड्याएवढा. नारिंगी. गोगलगाय जे खाते त्याच रंगाची तिची विष्ठा. काकडी खाणारीची हिरवी, गाजर खाणारीची नारिंगी. या घरातल्या पेट्यांत बारा वर्षांत गाजर गेलं नव्हतं.

बाबांनी भिंग उतरवलं. खिशातून रुमाल काढला, चकतीवरचा तो वळसा टिपला, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. थोरलीने ते पाहिलं. तिने पाहिलं हे बाबांनीही पाहिलं.

अकरा वाजता धाकटी आली ती धापा टाकत. पिशवी अजून खांद्यावरच. "ताई, गुलाबी सापडत नाहीये. माती सगळी उपसली मी. तू काल गेलीस तेव्हा..." एवढं म्हणेपर्यंत तिची नजर तिसऱ्या पेटीवर गेली. पाच पट्टे काचेला चिकटून आरामात काकडी शोधत होते.

"मी आणायला सांगितली तिला," बाबा म्हणाले. "मला राहवलं नाही."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. "न विचारता?"

"न विचारता."

"बाबा, एक शब्द टाकला असतात तर अख्खा डबा आणून दिला असता. मी तुमच्यासाठीच तर वाढवत होते." ती खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. "म्हणजे तुम्हाला ती हवी होती. मी नाही. मग राहू दे ते यायचं. राहा तुम्ही इथेच."

आता बघा. थोरलीला जे हवं होतं ते सगळं एका मिनिटात तिच्या पदरात पडलं होतं. बाबा राहणार होते, गुलाबी राहणार होती, आणि तिने तोंडसुद्धा उघडायचं नव्हतं. बाबा मान खाली घालून बसले होते. धाकटी रडत होती. आणि थोरलीला एकदम दिसलं की हे भांडण आता या दोघांचं आहे. उद्या बाबा फोन करतील, समजूत घालतील. ही रुसेल, मग हसेल. दोघं पुन्हा गोड होतील, आधीपेक्षा जास्त. आणि त्या सगळ्यात आपण कुठेच नाही, चोरी आपली असून.

तेही तिला सहन झालं नाही.

"मी चोरली," ती म्हणाली. "बाबांना काही माहीत नव्हतं. खोटं बोलतायत ते."

धाकटीने नाक ओढलं. "तू? का पण? तुला काय कमी होतं गं ताई?"

"तू यायची असलीस की ते सकाळी उठून दाढी करतात. शर्ट बदलतात. मी इथे रोज असते, माझ्यासाठी ते कधी दाढी करत नाहीत." एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना. "घेऊन जा ती गुलाबी. या पाचही पेट्या घेऊन जा. बाबांना नको नेऊस."

बाबांचा हात आपोआप हनुवटीवर गेला. आज धाकटी दुपारी जेवायला येणार होती. दाढी झालेली होती.

"तू तर म्हणालीस, मला काय," ते हळूच म्हणाले.

"म्हणाले."

"मला वाटलं, तू सुटशील. कंटाळली असशील मला. हिच्याकडे जातो म्हटल्यावर तू एकदाही राहा म्हणाली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं होतं की."

हे मात्र खरं होतं. बाबांनी पाण्याचा फवारा उचलला, उगाचच बाटलीत किती पाणी आहे ते बघितलं आणि खाली ठेवला. मग ते धाकटीला म्हणाले, "मी इथेच राहतो, चिमे. पलंग परत घेतात का बघ."

धाकटी थोरलीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते थोरलीला लगेच ओळखू आलं. त्याची तिला चांगली सवय होती. खालचा ओठ जरासा आत ओढलेला, डोळे कोरडे, आणि मनात हिशेब चालू की हिला असं काय आहे जे मला नाही.

खोटं कशाला बोला, थोरलीला बरं वाटलं. तिने बॉबिनच्या डबीत ताजा कापूस ओला करून घातला, गुलाबीला काचेवरून अलगद सोडवलं आणि डबी धाकटीच्या हातात दिली. जेवायला थांब म्हणाली, आणि धाकटी थांबली. तिघांनी नीट जेवून घेतलं. बाबांनी भात दोनदा मागितला, थोरलीकडेच मागितला. लाज वाटली तिला, नाही असं नाही, पण ती नंतर, भांडी घासताना.