धर्माजीचा राजीनामा

धर्माजी मोहोपाडा गावातल्या रसायनांच्या कारखान्यात सतरा वर्षं होता. पंच्याऐंशी साली मुंबईत त्याच्या उजव्या फुप्फुसातला कॅन्सर काढला. गडी सावरून कामावर परतला, आणि वर्षभरातच तपासणीत डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघाली. फुप्फुसातलाच आजार तिथं जाऊन बसला होता.

"आजार असा पसरला की आम्ही सहसा हात लावत नाही," सर्जन म्हणाले. "पण तुमची गाठ एकच आहे. काढून बघू. दुसऱ्या बाजूच्या ग्रंथीवर शरीराचं भागतं. खात्री मात्र देत नाही."

घरच्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी धाकटा भाऊ सखाराम वॉर्डात कागद घेऊन आला. आजारपणामुळे राजीनामा देतो, माझ्या जागी भावाला घ्यावं, असा मजकूर.

"दादा, तुजं काय झालंच तर नोकरी घरात ऱ्हाईल. वयनीला मी बगीन."

"उद्यापत्तुर थांबा की," धर्माजीची बायको चंद्रभागा म्हणाली.

धर्माजीला तिचाच राग आला. जाता जाता भावाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? त्यानं सही केली.

गाठ अख्खी निघाली. वर्षभर तो खालापूरजवळ गावी पडून होता. प्रत्येक तपासणी स्वच्छ आली. सर्जनांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्याच्या कुशीवरचा व्रण दाखवला. "असा एखादाच!" धर्माजीची मान ताठ झाली.

त्याच तोऱ्यात तो कारखान्यात गेला. कारकून म्हणाला, "राजीनामा मंजूर झालाय. तुमची जागा भावाला दिली."

तो कारखान्याच्या कामगार कॉलनीत गेला. त्याच्याच खोलीत सखाराम जेवत होता.

"दादा, सई तुजीच हाय. मी काय हात धरला व्हता?"

"मी मरंन म्हून केली रं."

"मंग? आमाला तरी काय ठावं, तू वाचशील!"

सखाराम चिडून बोलला नव्हता. सरळ मनानं बोलला होता, आणि तेच धर्माजीच्या जिव्हारी लागलं. भावजयीनं पुढं केलेला चहा न घेताच तो उठला.

पुढं चंद्रभागा लोकांच्या शेतावर लावणीला जाऊ लागली. त्याला ओझं उचलवेना; तो घरी भाकऱ्या थापी.

एकोणनव्वदला सर्जन म्हणाले, "आता वर्षानं या." चंद्रभागा बाहेर येऊन आनंदानं रडली.

"सखाभावजींना कळवू या?"

"नको," धर्माजी म्हणाला. "त्याला वाटंल, पुन्हा जागा मागाया आलो."