भर तासातून सोडलेला बैल

तासाच्या, म्हणजे वखराच्या ओळीच्या, मधोमध बैल सोडू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तास कडेला न्यावं, मग जू उतरवावं. पण धोंडिबानं त्या दिवशी दाऊदच्या रानात जाऊन भर तासातून आपला बैल सोडला, कासरा हाताला गुंडाळला आणि वळूनही न बघता घरचा रस्ता धरला. वखरामागे उभा असलेला दाऊद "अरे, काय झालं?" म्हणून दोनदा ओरडला.

बिडकीनपासून दोन कोसांवरच्या त्या गावात ह्या दोघांची सावड सगळ्यांना ठाऊक होती. धोंडिबाकडे एक बैल, दाऊदकडे एक. एकट्या बैलाला वखर ओढवत नाही, म्हणून दोघांची मिळून जोडी. आधी एकाच्या रानाला वखराची पाळी घालायची, मग दुसऱ्याच्या. सतरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. यंदा पहिला मान धोंडिबाचा होता. दाऊदच्या बैलानं आणि खुद्द दाऊदनं उन्हात घाम गाळून धोंडिबाचं चार एकर रान लोण्यासारखं मऊ करून दिलं होतं. मग दाऊदचं रान निम्म्यावर आलं आणि धोंडिबानं हा पराक्रम केला.

दिवस मे महिन्याचे होते. सरहद्दीवर लढाईला तोंड फुटलं होतं. धोंडिबाचा थोरला अभय फौजेत, तिकडेच कुठेतरी, आणि त्याचा फोन तीन दिवस लागत नव्हता. त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, अन्न टाकलं होतं. धोंडिबाचाही जीव थाऱ्यावर नव्हता. पण खोटं कशाला बोला, त्या दिवसांत त्याला एक सुखही लागलं होतं. राजेंद्रच्या हॉटेलात ज्याला कुणी सरकून जागा देत नसे, त्याला आता खुर्ची पुसून मिळत होती. टीव्हीवर विमानं दिसली की लोक त्याच्याकडे वळायचे. आणि जन्मात जालन्याच्या पलीकडे न गेलेला हा गृहस्थ तोफेचा गोळा कुठवर जातो ते हात लांब करून सांगायचा.

त्या सकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता राजेंद्र सहज म्हणाला, "फौजीचा बाप तुमी. अन् तुमचा बैल आज कुनाच्या रानात चाललाय?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बस, एवढंच. कुणी दम दिला नाही, कुणी बैल सोड म्हटलं नाही. पण धोंडिबाला खुर्ची बुडाखालून निघाल्यासारखी वाटली. तो चहा तसाच टाकून उठला आणि तडक दाऊदच्या रानात गेला. संध्याकाळी हॉटेलात त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप पडली. तो हसला.

चौथ्या दिवशी लढाई थांबली. हॉटेलातल्या टीव्हीवर बातम्यांऐवजी पुन्हा मालिका लागल्या आणि धोंडिबा आला तरी कुणी खुर्ची सोडेना. दाऊदचं रान मात्र तसंच पडलं होतं. निम्मं काळंभोर, सपाट. निम्मं ढेकळांचं, उन्हानं तडकलेलं. दाऊद बैल मागायला कुणाच्या दारात गेला नाही. धोंडिबा आपल्या रानात जायला ओढ्याकडून फेरा घालू लागला, म्हणजे ते ढेकळाचं रान दिसायला नको.

अशात एका दुपारी अभयचा फोन आला. भामाबाई आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. तिनं फोन धोंडिबाकडे दिला. पोरानं पहिल्यांदा पाळ्यांचं विचारलं. आपल्या झाल्या, धोंडिबा म्हणाला. आणि दाऊदकाकाचं रान? चाललंय, धोंडिबा म्हणाला.

मग अभयचा आवाज खाली आला. सरहद्दीला लागून असलेलं एक गाव त्यांना रिकामं करावं लागलं होतं. सगळे निघाले, पण एक म्हातारा आपल्या बैलाचं दावं धरून बसला, काही केल्या उठेना.

"म्या त्याच्या हातातून दावं वढून घेतलं, दादा," अभय म्हणाला. "बैल मोकळा सोडला अन् म्हाताऱ्याला उचलून गाडीत घातलं. तुमच्याच वयाचा व्हता. त्याचा जीव वाचावा म्हनूनच व्हतं ते, आदेशच व्हता तसा. पन तो माझ्याकडं बघत व्हता, ते डोळ्यांपुढून जात नाय. आदेश नसता तर म्या मेलो तरी असं केलं नसतं."

धोंडिबाच्या तोंडून "व्हय" एवढंच निघालं. फोन बंद झाला. भामाबाई शेजारीच बसून ऐकत होती. इतके दिवस बैलाविषयी ती एक अक्षर बोलली नव्हती.

"त्याला आदेश तरी व्हता," ती म्हणाली. "तुमाला कुनाचा व्हता?"

धोंडिबाला मान वर करवेना. लाज त्याला याआधीही वाटली होती, लग्नात उसना सदरा घातला तेव्हा, चारचौघांत अंगठा उठवला तेव्हा. पण ती लोकांची लाज होती. ही घरात बसून, बायकोसमोर, स्वतःचीच वाटत होती आणि तिच्यापासून पळायला ओढ्याकडूनसुद्धा वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बैल घेऊन दाऊदच्या रानात गेला. दाऊद कुदळीनं ढेकळं फोडत होता. त्याची बायको सगीरा मागून कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं वेचत होती. दाऊदनं आधी बैलाकडे बघितलं, मग धोंडिबाकडे.

"अभयचा फोन आला?"

"आला. बरा हाय."

"चांगलं झालं. ही रोज दुवा मागत व्हती."

दाऊदनं शिव्या दिल्या असत्या तर धोंडिबाला बरं वाटलं असतं. सगीरानं पदरानं तोंड पुसलं आणि ती मऊपणानं म्हणाली, "धोंडूभाऊ, आमाला कळतं. गावातल्या पोरांनी लई जोर केला आसंल. तुमी तरी काय करनार?"

सुटायची वाट तिनं आयती काढून दिली होती. नुसती मान हलवायची, की सगळं पोरांच्या डोक्यावर गेलं असतं. धोंडिबाची मान हलायलाही लागली होती.

"नाय, भाभी," तो म्हणाला. "कुनी जोर केला नाय. कुनी सोड बी म्हनलं नाय. माजा म्याच सोडला."

सगीराचा हात थांबला. दाऊद कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "तुज्यावर जोर झाला असता, तर म्याच आलो असतो तुज्या दारात, मनाला लावून घेऊ नको म्हनायला. तसं नव्हतं, म्हनून नाय आलो."

दोघांनी बैल जुंपले. दुपारपर्यंत दाऊद वखर हाणत होता आणि धोंडिबा बांधावर उभा होता, कारण त्याला कुणी काही सांगितलं नाही. ऊन डोक्यावर आल्यावर दाऊदनं बैल सावलीला बांधले, पाणी दाखवलं आणि धोंडिबाकडे आला.

"बैल ऱ्हाऊ दे चार दिस," तो म्हणाला. "तू नाय आलास तरी चालंल."

आवाजात राग नव्हता. धोंडिबा रिकाम्या हातानं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. दाऊदनं ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. वखर पुढे निघालं, तसा धोंडिबा वाकला आणि संध्याकाळपर्यंत मागून धसकटं वेचत राहिला.