डाव्या कोपऱ्यातले शेवाळ

मित्रांनो, चारही बाजूंनी काच, तळाशी काळी वाळू आणि डोक्यावर पांढऱ्या दिव्याची पट्टी, असा मी एक जुना फिशटँक. नागपूरच्या नंदनवन भागात, रुपराव गोंडाणे यांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या लोखंडी स्टँडवर माझे आयुष्य गेले. मी सांगतो त्यातले काही मी पाहिले आहे. जे घराबाहेर घडले ते मला घरातल्या बोलण्यातून कळले.

माझा जन्म एका काचवाल्याच्या दुकानात झाला. खिडक्यांसाठी आणलेल्या जाड काचेचे तुकडे त्याने सिलिकॉनने जोडले आणि पाणी भरून कुठे गळतो का ते पाहिले. मी गळलो नाही. त्याने मला रुपरावांच्या हवाली केले.

रुपराव कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची स्टाफबस चालवत. सकाळी कामगारांना न्यायचे, संध्याकाळी घरोघरी सोडायचे आणि बस गल्लीच्या तोंडाशी लावून घरी यायचे. दिवसभर धूळ, हॉर्न आणि इंजिनाची घरघर. घरी आले की ते हातपाय धुऊन खुर्ची ओढायचे आणि चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायचे. माझ्यातले एकेक रोप त्यांनी लांब चिमट्याने स्वतः लावले होते. मागे पट्टीसारखी उंच पाने, मध्ये लाकडाच्या ओंडक्यावर नेचा आणि पुढे बुटके गवत. त्यातून नारिंगी मासे फिरायचे. घरी आलेले पाहुणे आधी माझ्याकडे वळायचे. बसमधल्या एका बाईने तर आपल्या घरचे रोप पिशवीत घालून आणून दिले होते. ती माझी चांगली वर्षे होती.

बदल एकदम झाला नाही. रुपरावांची खुर्ची हळूहळू पुढे सरकत गेली. एका उन्हाळ्यात ती इतकी जवळ आली की त्यांच्या श्वासाने माझी काच धूसर व्हायची. मग त्यांना माझा दिवा मंद वाटू लागला. त्यांनी नवी, जास्त उजेडाची पट्टी आणली आणि ती सकाळपासून झोपेपर्यंत चालू राहू लागली. फिल्टरचा स्पंज गाळाने भरला होता. तो त्यांना दिसला नाही, त्यामुळे पाण्याची धार बारीक झाली. डाव्या कोपऱ्यात पाणी हलेनासे झाले. माशांना टाकलेले खाणे तिथे जाऊन साचू लागले आणि कुजू लागले.

त्याच कोपऱ्यात ते आले. लोक त्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतात. खरे तर ते शेवाळ नव्हेच, ते उजेडावर जगणारे सूक्ष्म जिवाणू असतात. तापवलेल्या दुधावर साय धरते तसा त्यांचा थर धरतो. आधी वाळूवर एक डाग आला. मग तो बुटक्या गवतावर चढला, तिथून पानांवर गेला. थर निळसर हिरवा, मऊ आणि चकाकणारा होता. खालच्या गवताला ना उजेड मिळत होता, ना वाहते पाणी.

रुपराव मात्र खूश होते. एके संध्याकाळी त्यांनी पत्नीला, मायाला हाक मारली.

"माया, पाह्य इकडे. गवत कसं पसरून राहिलं."

माया अंगणवाडीत काम करत. त्या पदराला हात पुसत आल्या, वाकून पाहिले आणि वास येतो म्हणाल्या. ओल्या, कुजक्या मातीचा वास होता तो. रुपराव म्हणाले, कूलरच्या टाकीतले पाणी बदलायला झाले असेल. मायाने कूलरचे पाणी बदलले. वास राहिला.

त्याच आठवड्यात रुपराव जेवताना सांगत होते की आज एक सायकलवाला डावीकडून अचानक बसखाली येता येता वाचला. लोक पाहून चालवत नाहीत, असे ते म्हणाले. याआधी एकदा कोळशाच्या ट्रकला डाव्या बाजूचा आरसा घासला होता, तेव्हाही चूक ट्रकवाल्याचीच होती. मायाने भाजी वाढली. जेवण होईपर्यंत त्यांची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

मित्रांनो, अंधारात हा थरही पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. त्यात नागपूरचा मे महिना, पाणी आधीच कोमट. माझ्यातला सर्वांत मोठा नारिंगी मासा मेला. तो डाव्या बाजूला, काचेला लागून, पोट वर करून तरंगत होता. संध्याकाळी रुपराव नेहमीसारखे चहा घेऊन बसले. मासा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता. माया दारात उभ्या होत्या. त्यांना मासा दिसला होता. त्या वाट पाहत होत्या.

रुपरावांनी चहा संपवला आणि समाधानाने म्हणाले, "मस्त खेळून राहिले आज."

मायाने कप उचलला. ते आंघोळीला गेल्यावर त्यांनी मासा जाळीने काढला आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव गणवेश घालून निघाले. बसची किल्ली टीव्हीवर ठेवलेली असे. त्यांनी हात घातला तर किल्ली नव्हती. ती मायाच्या मुठीत होती.

"काल एक मासा मेला होता," माया म्हणाल्या. "तुमच्या नाकासमोर तरंगून राहिला होता."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमाले दिसते का, ते पाहून राहिली होती."

रुपराव चिडले. दिव्यात दम नाही, काच मळली आहे, थकून आलो होतो, असे बरेच काही बोलले. बससाठी चाळीस माणसे वाट पाहत असतील, किल्ली दे, म्हणाले. आवाज ऐकून त्यांची मुलगी मिनल आतल्या खोलीतून आली. ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिचीही निघायची वेळ झाली होती.

मायाने माझे झाकण उचलले आणि किल्ली पाण्यात सोडली.

"दिसत असन तर काढा अन् जा. मी अडवत नाही."

किल्ली डाव्या कोपऱ्यात पडली. निळसर हिरव्या थरावर ती लख्ख पांढरी दिसत होती. खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मिनललाही ती दिसली. रुपरावांनी बाही वर केली आणि हात आत घातला. त्यांनी उजवीकडे चाचपले, ओंडक्याखाली चाचपले, उंच पाने मुळासकट उपटली. वाळू ढवळली गेली, मासे काचेवर आपटू लागले. त्यांचा हात किल्लीच्या अगदी बाजूने दोनदा गेला. बोटांना थराची साय लागली आणि तिचे तुकडे पाण्यात उडाले. माझ्या आयुष्यात माझ्यात इतका वेळ कुणाचा हात राहिला नव्हता.

मग तो हात थांबला. बाही खांद्यापर्यंत भिजली होती.

"कुठी आहे?" त्यांनी हळूच विचारले.

"तुमच्या हाताच्या डाव्या बाजूले," माया म्हणाल्या.

त्यांनी किल्ली काढली नाही. ते खुर्चीत बसले, फोन मागितला आणि कारखान्यात स्वतः कळवले की आज दुसरा ड्रायव्हर पाठवा, मला डोळ्यांना दिसत नाही. आज तब्येत बरी नाही असे त्यांना म्हणता आले असते. ते तसे म्हणाले नाहीत. फोन ठेवल्यावर माया त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. मिनलने किल्ली काढून पुसली आणि येणाऱ्या ड्रायव्हरसाठी टीव्हीवर ठेवली.

दवाखान्यातून ते आले तेव्हा एक शब्द घेऊन आले, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नजर कडेकडेने खात जाणारा रोग. दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब नियमाने घातले तर उरलेली बरीच टिकते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मिनलने हे सगळे शांतपणे समजावले. रुपरावांनी एवढेच विचारले की बस पुन्हा चालवता येईल का. मिनल नाही म्हणाली.

त्यानंतरचे काही दिवस माझ्याकडे कुणी फिरकले नाही. रुपराव खुर्ची खिडकीकडे तोंड करून बसायचे. थर वाढत राहिला आणि वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. हे रिकामे करून भंगारात देऊन टाकू, असे माया म्हणाल्या. मला वाटले, आपले संपले.

रुपराव म्हणाले, "राहू दे. माझ्या हातानं झालं ते, मीच साफ करीन."

मिनल माशांच्या दुकानात चौकशी करून आली. तिथे तिला अँटिबायोटिकची गोळी पाण्यात टाकायला सांगितले होते. तिने ती आणली नाही. तिचे म्हणणे असे की गोळीने फिल्टरमधले चांगले जिवाणूही मरतात, आणि कारण तसेच राहिले तर थर पुन्हा येतो. मग एका रविवारी सगळे कामाला लागले. रुपरावांच्या हातात बारीक नळी होती आणि मिनल शेजारून सांगत होती, अजून डावीकडे, बाबा, आता खाली. नळीने साय ओढली की तिचे पापुद्रे निघत. कुजलेली पाने काढली. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्यात नव्हे, माझ्यातूनच काढलेल्या पाण्यात पिळला. धारेचे तोंड डाव्या कोपऱ्याकडे वळवले. पाणी बदलले. शेवटी मायाने जाड काळी चादर माझ्यावर घातली. दिवा बंद, हवेची मोटर चालू, आणि काही दिवस कुणी डोकावायचे नाही असे ठरले.

आतून मला बुडबुड्यांचा आवाज ऐकू येई. कधी मासा काचेला घासून जाई. बाहेर रुपराव माझ्याजवळ येऊन बसत, हे मला खुर्चीच्या आवाजावरून कळे. पाहायला काहीच नव्हते, तरी ते येत. एकदा ते मायाला म्हणाले की सायकलवाल्याचा चेहरा त्यांना आठवत नाही, कारण तो त्यांनी पाहिलाच नव्हता. माया म्हणाल्या, तो वाचला, एवढे पुरे आहे.

चादर काढली तेव्हा साय गेली होती. पाणी स्वच्छ होते आणि मासे जिवंत होते. रुपरावांनी खुर्ची पुढे घेतली.

"डावीकडचं गवत कसं आहे वं?" त्यांनी विचारले.

मायाने वाकून पाहिले. "तिकडे गवत नाही. निस्ती वाळू आहे. ते खालच्या खालीच मेलं."

रुपरावांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलं."

आता कारखान्याने त्यांना वाहतुकीच्या कार्यालयात बसवले आहे. कोणती बस कुठून निघाली, ते फोनवर विचारत असतात. ते काम त्यांना आवडत नाही, पण ते रोज जातात. माझा दिवा ठरावीक वेळच जळतो. दर रविवारी ते माझ्यात हात घालून कोपरे बोटांनी तपासतात. मध्ये एकदा ओंडक्यामागे साय पुन्हा धरली होती. मायाला किंवा मिनलला दिसण्याआधीच बोटाला चिकट लागली, त्यांनी बोट नाकाशी नेले आणि नळी मागितली. डाव्या कोपऱ्यात नवे गवत लावले आहे. त्यातले काही जगले, काही नाही.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझ्या सिलिकॉनच्या जोडांवर काळे डाग पडले आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या चारही बाजू पाहत जा. पाणी हलते आहे का, खाणे उरते आहे का, उजेड जास्त तर होत नाही ना, हे पाहा. हिरवे दिसते म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. आणि त्याच्यासमोर बसणारे तुमच्या घरचे माणूस खुर्ची रोज थोडी पुढे ओढू लागले, तर त्याला विचारा, नीट दिसते ना? उत्तर यायला वेळ लागला, तर तिथेच थांबा.